कौलाची मांडणी

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा समजावून सांगितलं ते मालवणजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, माझ्या मोठ्या काकांना. त्या समजावण्यापायी माझी नोकरी गेली. हल्ली कोणी विचारलं, "तुम्ही म्हणे पूर्वी कॉम्प्युटरवर काम करायचात?" की मी सरळ नाही म्हणून सांगते. एकदा हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे नक्की काय करायचात. तो प्रश्न मला नको असतो.

साठचं दशक निम्मं सरलं होतं. मुंबईत परीक्षांचे निकाल यंत्रावर तयार करून देणारी एक कचेरी होती, तिथे मी कामाला होते. यंत्र एका मोठ्या थंडगार खोलीत असे. त्याला काय करायचं ते सांगणारे आम्ही सातजण शेजारच्या कोंदट खोलीत घाम पुसत बसायचो, कारण गारवा यंत्राला लागत होता, आम्हाला लागत असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. सातांमध्ये मी एकटी बाई. सॉफ्टवेअर हा शब्द तेव्हा साहेब लोक नुकताच वापरायला लागले होते. आम्ही प्रोग्रॅम म्हणायचो. जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडायची, एकेका कार्डावर एकेक सूचना, आणि तो गठ्ठा यंत्राला भरवायचा. दोन कार्डं मागेपुढे झाली तर पहिला आलेला नापास व्हायचा. मला त्या कामाचं वेड लागलं होतं. रविवार मला नकोसा वाटे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

हे वेड मला लावलं ते बाबांनी. बाबा गावच्या शाळेत मास्तर. मी पाच वर्षांची असताना त्यांनी सावंतवाडीहून लाकडी फळं आणली, आंबा, केळं, फणस, सगळी रंगवलेली, आणि त्यांवर मला बेरीज वजाबाकी शिकवली. खरी फळं का नाहीत असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, खरी फळं उत्तर यायच्या आत खाल्ली जातात. घरात आम्ही सगळे मालवणीच बोलत असू, पण गणित सांगताना बाबा पुस्तकातल्या मराठीत शिरायचे. मलाही मग तसंच उत्तर द्यावं लागे. गावातल्या मुली चौथीनंतर घरी बसत त्या काळात त्यांनी मला सावंतवाडीला एका नातलगांकडे ठेवून मॅट्रिक केलं, आणि पुढे मुंबईला मावशीकडे धाडून गणित घेऊन बी. ए. केलं. गावात लोक नावं ठेवत होते. बाबांनी कानाडोळा केला. मोठ्या काकांना मात्र ते एकेक गोष्ट विचारून, त्यांचं मन वळवून करत. थोरल्या भावाचा शब्द बाबांनी जन्मात कधी मोडला नाही. त्याला वळसा घालून जायचं, ही त्यांची रीत.

मोठे काका शिकलेले नव्हते. शेती, माड, आणि देवळातला मान, एवढं त्यांचं जग. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता आणि तो काका चालवत. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावासमोर देवाशी मोठ्यानं बोलणं. कोणाची गाय हरवली, कोणाला मूल होत नाही, कोणाच्या होडीला मासळी लागत नाही, सगळं काका देवाच्या कानावर घालणार. आणि नुसतं घालून थांबायचं नाही, देवाचं उत्तर घ्यायचं. त्याला कौल म्हणतात. गुरव मूर्तीच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं संपलं की सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आमच्या गावात विहीर कुठे खणायची इथपासून मुलगी कोणाला द्यायची इथपर्यंत सगळ्याचा सोक्षमोक्ष त्या कळ्यांनी लागत असे. बाबा देवळात जात, हात जोडत, पण त्यांचा कौलावर विश्वास नव्हता. ओलावा सुकला की कळी पडते, ज्या बाजूला वारा लागतो तिकडची आधी, असं त्यांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं आणि हे काकांना सांगू नकोस असंही.

त्या वर्षी एप्रिलात बाबांचं पत्र आलं. तुझ्यासाठी दोन स्थळं सांगून आली आहेत, एक सावंतवाडीचं आणि एक इन्सुलीचं, रजा काढून ये. मी तीन आठवड्यांची रजा काढली आणि बोटीनं मालवणला उतरले. लग्नाला माझी ना नव्हती. पण दोन्ही घरांनी आधीच कळवलं होतं की सून मुंबईला नोकरीला राहणार नाही. मी ठरवून आले होते की दोघांनाही नकार द्यायचा आणि परत जायचं. निदान एक वर्ष. आमच्या कचेरीत त्या वर्षी नवं यंत्र येणार होतं, जुन्याच्या चौपट वेगाचं, आणि त्याच्या प्रोग्रॅमची मुख्य मांडणी साहेबांनी माझ्याकडे सोपवली होती. सहा पुरुष सोडून माझ्याकडे. मी हे घरी जेवताना सांगितलं तेव्हा आईनं मला आणखी एक सोलकढीची वाटी दिली. बाबा खाली बघून भात कालवत राहिले. काका म्हणाले, "आता पुरे झाला गो बाये. वय निघान जाता."

दोन दिवस घरात धुसफूस चालली. मी जाणार म्हणत होते, काका नाही म्हणत होते, बाबा मधे मूग गिळून बसले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनीच तोडगा काढला.

"आपण देवाक इचारया," ते म्हणाले. "जावचा की रवचा. देव म्हणात ता माका मान्य. तुका मान्य आसा काय?"

मी हो म्हटलं. आज मला कोणी भोळसट म्हणेल तर म्हणू दे, पण मी हिशोब करून हो म्हटलं होतं. घरात माझ्या बाजूनं एकही मत नव्हतं. ओल्या कळीपाशी निम्मी संधी होती. गणित शिकलेली बाई शून्यापेक्षा निम्मं घेणार. काका शब्दाचे पक्के होते. देवानं जा म्हटलं असतं तर त्यांनी स्वतः माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बंदरावर आणून दिली असती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, कौल त्या दिवशी लावायचा ठरला. आदल्या दुपारी जेवणं झाल्यावर काका पडवीत पान लावत बसले होते. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. बाबा आतल्या खोलीत, दाराला पाठ टेकून, शाळेचं वर्षभराचं दप्तर पुरं करत होते. काकांनी मला हाक मारली.

"माका आधी ह्या सांग," ते म्हणाले, "ज्याच्यासाठी तू इतक्या भांडतंस, ता काम तरी काय? यंत्र सगळा करता, मगे तू थंय काय करतंस?"

घरातल्या माणसानं हे विचारायची ती पहिलीच वेळ. मी इतकी खूश झाले की ते आठवलं तरी मला आता स्वतःचा राग येतो. मी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले आणि मास्तरांच्या मुलीला शोभेल अशी शिकवायला लागले.

पहिल्यांदा मी आईकडे वळले, कारण सोपं उदाहरण तिच्या हातात होतं. म्हटलं, चूल आहे, टोप आहे, पाणी आहे, तांदूळ आहेत. पण भात आपोआप होतो का? भात कसा करायचा ते तुझ्या डोक्यात असतं. यंत्र म्हणजे चूल आणि टोप. सॉफ्टवेअर म्हणजे तुझ्या डोक्यातलं ते, जे चुलीत नसतं आणि टोपातही नसतं. ते कागदावर उतरवायचं, पण अशा माणसासाठी की ज्यानं भात कधी पाहिलेला नाही. झाकण काढ हे लिहिलं नाही तर तो झाकणावरच तांदूळ ओतेल. तांदूळ धुवायचे म्हणजे किती वेळा धुवायचे, हे लिहिलं नाही तर तो जन्मभर धूत बसेल.

"इतक्या सगळा लिवचा," आई म्हणाली, "तेच्यापेक्षा भात घातलेलो बरो."

काका हसले. मीही हसले. मग काकांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "यंत्र इचार करता काय?"

"नाय. तेका इचार करूक येणा नाय. कार्डाक भोक आसा की नाय, इतक्याच तेका कळता. होय नायतर नाय."

"म्हणजे कौलासारख्या. उजवो नायतर डावो."

हे त्यांनी स्वतः काढलं होतं. कचेरीत नव्या माणसाला एवढं डोक्यात शिरायला आठवडा जायचा. मी म्हटलं, अगदी तसंच. यंत्र म्हणजे देवळातली मूर्ती, आणि सॉफ्टवेअर म्हणजे गाऱ्हाणं.

काकांचा हात थांबला. देवाची तुलना त्यांना खटकली असावी असं मला वाटलं, पण ते फक्त म्हणाले, "मगे ठरयता कोण?"

"जो प्रश्न मांडता तो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला रंग चढला होता. मी काकांच्या पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या घेतल्या आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडल्या. एक सुपारी म्हणजे प्रश्न. तिथून दोन वाटा. उत्तर हो आलं तर ह्या वाटेनं, नाही आलं तर त्या वाटेनं. वाट कुठे जाते हे यंत्राला माहीत नसतं, ते आपण आधीच लिहून ठेवलेलं असतं. मग मी त्यांना माझी कचेरीतली एक फजिती सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. गुण पुरेसे आहेत का, एवढाच प्रश्न. हो असेल तर पासची यादी, नसेल तर नापासची. पण घाईत माझ्या हातून दुसऱ्या वाटेवरही पासच्याच यादीचा आकडा पडला. खोट्या नावांची कार्डं घालून आम्ही चाचणी घेतली, तर सगळे पास. परीक्षेला न बसलेलेसुद्धा पास. साहेबांनी ती यादी सगळ्यांना वाचून दाखवली होती.

काकांनी सुपाऱ्यांकडे बोट दाखवलं. "म्हणजे दोनूय वाटा एकाच जागेक गेल्यो."

"होय."

"आणि यंत्राक कळला नाय?"

"यंत्राक कळणा नाय. तेका इचारला तितक्याच ता सांगता. उत्तर खरा आसता, पण उत्तराक काय अर्थ नसता. जेना प्रश्न मांडलो तेचाच चलता."

काका त्या सुपाऱ्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांच्या डोक्यावरून गेलं. म्हणून मी पुन्हा सुपाऱ्या मांडल्या आणि पुन्हा सगळं सांगितलं, आवाज चढवून, एकेक पायरी फोड करून. तिसऱ्यांदाही सांगितलं. आत बाबांच्या टाकाचा आवाज थांबला होता हे मला ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, बाबाही ऐकतायत, त्यांना कळतंय आपली मुलगी काय करते. मला फार अभिमान वाटला. काकांनी शेवटी सुपाऱ्या गोळा करून डब्यात टाकल्या, पान तोंडात घातलं आणि ते आडवे झाले.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गावातली पंधरावीस माणसं आली होती, काही आपापलं गाऱ्हाणं घेऊन, काही नुसती बघायला. मास्तरांच्या मुंबईच्या मुलीचं काय होतं ते बघायला, असं म्हणायला हवं. गुरवानं मूर्तीला कळ्या लावल्या. बायका मागे, पुरुष पुढे. काका मूर्तीसमोर उभे राहिले, बाबा त्यांच्या डाव्या हाताला. मी खांबाला टेकून उभी होते. कळ्यांवर विश्वास नव्हता, तरी माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

काकांचं गाऱ्हाणं नेहमी ऐसपैस चाले. ते आडवाटांनी जायचे, मधेच पूर्वजांची आठवण काढायचे, देवाशी थोडं भांडायचे. त्या दिवशी ते थेट मुद्द्यावर आले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभ्या आसा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर हे म्हणायचंच असतं.

"तेच्यासाठी दोन स्थळा सांगान इली आसत. एक सावंतवाडीचा, एक इन्सुलीचा."

"व्हय म्हाराजा."

"सावंतवाडीचा बरा आसला तर उजवो कौल दी. इन्सुलीचा बरा आसला तर डावो कौल दी."

"व्हय म्हाराजा."

"दोनातला एक सांग आणि आमचो घोर चुकव."

"व्हय म्हाराजा."

ते इतकं झटकन झालं की शेवटच्या वेळी सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून ते निघालं. सवयच तशी, लहानपणापासूनची. निघून गेल्यावर मला अर्थ कळला. जावं की राहावं, हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. उजवी कळी पडली तरी लग्न, डावी पडली तरी लग्न. परत जायची वाट त्या मांडणीत कुठेच नव्हती. दोन्ही वाटा एकाच जागी जात होत्या, आणि ही कला मी कालच दुपारी, सुपाऱ्या मांडून, तीन तीनदा शिकवली होती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. मुलीच्या बापाला तो अधिकार होता. प्रश्न चुकला, फिरून गाऱ्हाणं घाला, असं म्हणायची रीत होती, लोक म्हणतही असत. बाबांना गणित येत होतं. प्रश्न कसा मांडलाय हे त्यांच्या लक्षात आलं नसेल, हे शक्यच नव्हतं. ते मूर्तीकडे बघत होते. मी त्यांची वाट बघत राहिले आणि त्या वाट बघण्यात मी स्वतः बोलायची राहून गेले. एवढ्या पुरुषांपुढे बाईनं देवळात मोठ्यानं बोलणं कठीण होतं हे खरं, पण ते कारण नव्हे. कारण एवढंच की बाबा बोलतील अशी माझी खात्री होती.

डावी कळी पडली.

मी इन्सुलीची झाले. राजीनाम्याचं पत्र मी हळद लागायच्या आदल्या दिवशी लिहिलं. कचेरीतून उत्तर आलं ते छापील नमुन्याचं, फक्त माझं नाव हातानं भरलेलं. नवं यंत्र आलं असणार, त्याची मांडणी कोणीतरी केली असणार. मी चौकशी केली नाही. नवरा गोव्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर नोकरीला होता. सज्जन माणूस. त्यानं मला कधी दुखावलं नाही, आणि मी काय काम करत होते हे कधी विचारलंही नाही. लग्नानंतर दोन वर्षं मला रोज सकाळी जाग आली की आज कोणतं कार्ड तपासायचंय, असंच पहिल्यांदा मनात यायचं. मग चुलीवर चहाचं आधण ठेवायचं.

माझा सगळा राग काकांवर होता. मी माहेरी जाई ती काका घरात नसतील अशा वेळा साधून. समोर आले तर पाया पडे आणि आत जाई. ते विचारायचे, "बरी आसस मा गो?" मी मान हलवायची. पुढे ते अंथरुणाला खिळले. त्यांनी दोनदा निरोप पाठवला की चेडवाक, म्हणजे मला, एकदा बघूचा आसा. मी गेले नाही. एकदा मूल तापलंय असं कळवलं आणि एकदा काहीच कळवलं नाही. एका पापभीरू माणसानं आपल्या देवासमोर उभं राहून मला फसवलं, याची मला किळस आली होती. मी ज्या आनंदानं त्यांना शिकवलं होतं त्याचीही आली होती.

ते गेले तेव्हा बाराव्याला मात्र जावंच लागलं. जेवणं आटोपली, माणसं पांगली. बाबा आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. बाबा तोवर शाळेतून निवृत्त झाले होते आणि फार वाळले होते. ते काकांच्या आठवणी सांगायला लागले. शेवटच्या दिवसांत काका सारखे तुझ्याबद्दल विचारत होते, म्हणाले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्याबद्दल विचारायला त्यांना तोंड कुठे होतं? त्यांनी देवाला फसवलं, बाबा. जाऊ की राहू असं विचारायचं कबूल करून भलतंच विचारलं. ते जन्मभर देवाचे सेवेकरी म्हणून मिरवले आणि त्यांनी देवाला माझ्या चुकीच्या प्रोग्रॅमसारखं वापरलं.

बाबा बोलले ते पुस्तकातल्या मराठीत, लहानपणी गणित समजावताना बोलत त्या आवाजात.

"दादानं नाही," ते म्हणाले. "त्या सुपाऱ्यांवरून कौल असा फिरवता येईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. संध्याकाळी तो मला म्हणाला, पोरगी शेवटी शेवटी काय बडबडत होती कोण जाणे. तो तर सरळच विचारणार होता, जाऊ दे की नको. मी त्याला म्हटलं, पोरगी लग्नाला कबूल झाली आहे, आता देवाला दोन स्थळं घालून विचारायचं. मास्तर सांगतो म्हणजे ते खरंच, असं त्याला वाटलं. सकाळी विहिरीवर मी त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"का?" एवढंच मी विचारू शकले.

"तू सुपाऱ्या मांडत होतीस तेव्हा मी दाराच्या फटीतून तुझं तोंड पाहिलं. इतकी आनंदात तू या घरात कधीच नव्हतीस. मला कळलं, आता गेली की ही काही परत येत नाही. एक वर्ष म्हणतेस ते खोटं आहे. कौल मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. वाऱ्यानं उजवी पडली असती तर मी काय केलं असतं? मला निम्मी शक्यता नको होती."

पलीकडे आई भांडी घासत होती. काकांचा पानाचा डबा कोणीतरी पडवीच्या कोनाड्यात नेऊन ठेवला होता. काका मला बघायचं म्हणत होते आणि मी मूल तापल्याचं कळवलं होतं. त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं असणार की देवानं दिलेलं स्थळ, पोरगी सुखात असणार, मग ही आपल्याशी बोलत का नाही. मला बाबांवर ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी ताकद मी काकांवर इतकी वर्षं खर्च करून बसले होते.

बाबांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अपराधीपणा होता, पण दुसरंही काहीतरी होतं. ते लाचार होऊन, शाळकरी पोरासारखे विचारत होते.

"तू सांगितलंस तसंच मांडलं होतं ना मी?" ते म्हणाले. "चुकलं तर नव्हतं कुठे?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "बरोबर होतं."